तिसरं वाक्य

९ फेब्रुवारी १९१२ या तारखेचा नोकरीचा एक अर्ज आहे. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात राहणाऱ्या, चोवीस वर्षांच्या एका माणसानं तो मद्रास पोर्ट ट्रस्टच्या चीफ अकाउंटंटला लिहिला होता. जागा कारकुनाची. अर्ज इतका छोटा, की आजच्या मोबाइलच्या एका स्क्रीनवर आरामात मावेल. पाचच वाक्यं आहेत त्यात. पहिलं : आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचं कळलं, म्हणून अर्ज करतो आहे. दुसरं : मी मॅट्रिक झालो आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, पण काही अडचणींमुळे पुढे शिकता आलं नाही. चौथं : नेमणूक झाली तर कामाला न्याय देईन, याची मला खात्री आहे. पाचवं : तरी ही जागा मला द्यावी, ही विनंती.

तिसरं वाक्य मी मुद्दाम मागे ठेवलं. त्यात अर्जदार सांगतो, की मधल्या काळात मी माझा सगळा वेळ गणिताला दिला आहे आणि त्या विषयात भर घालतो आहे.

अर्जदाराचं नाव श्रीनिवास रामानुजन.

नाव कळलं की ते वाक्य एकदम साधं वाटायला लागतं. रामानुजनच ते, गणिताबद्दल नाही लिहिणार तर कशाबद्दल? पण आपण क्षणभर नाव झाकून बघू. हिशेबखात्यात कारकून हवा आहे. बंदराच्या जमाखर्चाच्या वह्या तपासायच्या, आकडे जुळवायचे, वेळेवर यायचं, वेळेवर जायचं. आणि एक बिनपदवीचा उमेदवार स्वतःहून सांगतो आहे, की माझा सगळा वेळ दुसऱ्याच कशाला तरी जातो. आजच्या एखाद्या एचआरवाल्यानं या वाक्याखाली लाल रेघ मारली असती. कदाचित शेजारी लिहिलंही असतं, 'टिकणार नाही.'

मला या वाक्याचं कुतूहल वाटण्याचं कारण अगदी घरगुती आहे. माझ्या फोनमध्ये माझे दोन बायोडेटा आहेत. दोन्हींत शिक्षण तेच, आधीच्या दोन नोकऱ्या त्याच, एक्सेल आणि पायथन येतं हेही तेच. फरक एका ओळीचा. एकात ती ओळ आहे, दुसऱ्यात नाही. ओळ अशी : 'मोडी लिपीतील जुन्या हिशेबी कागदांचं लिप्यंतर.' सासूबाईंच्या आजारपणात मी दीड वर्ष नोकरी सोडून घरी होते. त्या दुपारी झोपल्या की मी मोडी शिकत असे. पुढे ओळखीतल्या एका घरातले जुने वह्यांचे कागद हाती आले. त्यातले गुळाचे, तुपाचे, कापडाचे भाव मी एका शीटमध्ये भरत गेले. नोकरी पुन्हा सुरू झाली, तरी ते काम रात्री चालूच राहिलं. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट.

ही ओळ वाचून एका इंटरव्ह्यूत समोरचे गृहस्थ हसत म्हणाले होते, "म्हणजे घर, मोडी आणि वरून आमचं काम. झेपणार का तुम्हाला?" दुसऱ्या एका ठिकाणी त्याच ओळीवर वीस मिनिटं गप्पा झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफर आली. आता पुन्हा एक इंटरव्ह्यू ठरला आहे. आणि मी पुन्हा दोन फायलींकडे बघत बसले आहे. इतिहासात उत्तरं तयार नसतात, हे मला माहीत आहे. पण आपला प्रश्न आपल्या आधी कुणाला पडला होता आणि त्यांचं पुढे काय झालं, एवढं तरी तिथे सापडतं. म्हणून हा लेख.

सांगितलं, म्हणून नोकरी हुकली

रामानुजन यांनी गणिताबद्दल सांगण्याची ही पहिली वेळ नव्हती. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्यांची स्कॉलरशिप गेली होती, कारण गणित सोडून बाकी विषयांत ते नापास झाले. मग मद्रासचं पचैयप्पा कॉलेज. तिथेही एफ.ए.ची परीक्षा पार झाली नाही. १९०९ साली लग्न झालं आणि नोकरी शोधणं भाग पडलं. हातात पदवी नाही. होत्या त्या वह्या, सूत्रांनी आणि प्रमेयांनी भरलेल्या. त्या काखेत मारून ते माणसं भेटत फिरू लागले. त्या वह्या म्हणजेच त्यांचा पोर्टफोलिओ.

१९१० साली ते तिरुकोइलूरला डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. मागणी छोटीच होती, महसूल खात्यात एखादी कारकुनी मिळाली तर बरं. अय्यर यांनी वह्या चाळल्या. आणि नोकरी दिली नाही. पुढे त्यांनी या नकाराचं कारण सांगून ठेवलं आहे. महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर बसवून या माणसाची बुद्धी घुसमटवायची त्यांची इच्छा नव्हती.

हा नकार मला फार विचार करायला लावतो. त्यात तुच्छता नाही, उलट कौतुकच आहे. पण ज्याला महिन्याच्या शेवटी पैसे हवेत, त्याच्या दृष्टीनं परिणाम एकच, नोकरी नाही. 'तुम्ही या जागेसाठी फार हुशार आहात' हे वाक्य आजही इंटरव्ह्यूत ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याला त्यावर हसावं की रडावं ते कळत नाही. आपण जे सर्वांत अभिमानानं दाखवलं, तेच आडवं आलेलं असतं.

अर्थात अय्यर यांनी त्यांना नुसतं परत पाठवलं नाही. मद्रासमधल्या आपल्या गणितप्रेमी मित्रांसाठी चिठ्ठ्या दिल्या. त्या वाटेनं रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचले. राव यांनी काही काळ दर महिन्याला स्वतःच्या खिशातून पैसे दिले. पण कुणावर किती दिवस अवलंबून राहायचं, हे रामानुजन यांना खुपत होतं. पोर्ट ट्रस्टचा अर्ज तिथून आला.

वाचणारा कोण होता?

आता तिसऱ्या वाक्याकडे परत येऊ. ते कुठे बसलं आहे बघा. दुसऱ्या वाक्यात एक खड्डा आहे, शिक्षण अर्धवट राहिलं. चौथ्या वाक्यात एक वचन आहे, काम नीट करीन. खड्ड्यावरून वचनाकडे जायला मध्ये फळी टाकावी लागते. तिसरं वाक्य म्हणजे ती फळी. शिक्षण सुटलं तेव्हा मी रिकामा बसलो नव्हतो, एवढंच ते सांगतं. कुठली प्रमेयं, कुठल्या श्रेण्या, किती वह्या, यातलं काही त्यात नाही. अर्जासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक ई. डब्ल्यू. मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र होतं. या तरुणाची गणितातली गती असामान्य असल्याचं त्यात म्हटलं होतं. म्हणजे बढाई मारायचं काम उमेदवारानं स्वतः केलं नाही, ते दुसऱ्याच्या सहीनं झालं.

आणि मुख्य म्हणजे, तो अर्ज कुणाच्या हातात पडणार होता? पोर्ट ट्रस्टचे चीफ अकाउंटंट एस. नारायण अय्यर स्वतः गणिती होते आणि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सभासद होते. ही सोसायटी १९०७ साली सुरू केली ती तिरुकोइलूरच्या त्याच रामस्वामी अय्यर यांनी. परदेशी गणिती नियतकालिकं एकट्यादुकट्याला परवडत नसत. म्हणून वर्गणी काढून ती मागवायची आणि सभासदांत फिरवायची, असा सुरुवातीचा बेत होता. सोसायटीचं ग्रंथालय आपल्या पुण्यात होतं, फर्ग्युसन कॉलेजात. तिथे तेव्हा प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे. आणि याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला होता, बर्नुली संख्यांवरचा.

या सोसायटीचं चित्र डोळ्यापुढे आणलं की मला गंमत वाटते. कुणी डेप्युटी कलेक्टर, कुणी अकाउंटंट, कुणी कॉलेजातला मास्तर. दिवसभर सरकारी फायली, संध्याकाळी गणित. म्हणजे रामानुजन यांच्या वह्या ज्यांनी उघडून पाहिल्या, त्यांतल्या अनेकांच्या घरी स्वतःच्याही अशाच वह्या होत्या. ज्याला स्वतःला ते वेड आहे, त्याला समोरच्याचं वेड रोग वाटत नाही.

१ मार्च १९१२ पासून रामानुजन पोर्ट ट्रस्टमध्ये रुजू झाले. पगार महिना तीस रुपये. संध्याकाळी नारायण अय्यर आणि ते पाटीवर गणितं मांडत बसत. ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे इंजिनिअर. नारायण अय्यर यांच्यामुळे त्यांनाही या कारकुनात रस वाटू लागला. १६ जानेवारी १९१३ ला रामानुजन यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. त्या पत्राची सुरुवात प्रमेयांनी होत नाही. मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात कारकून आहे आणि माझा वार्षिक पगार फक्त वीस पौंड आहे, अशी ती ओळख आहे. शाळा सुटल्यापासून फावल्या वेळात गणित करतो आहे, असं ते पुढे लिहितात.

नोकरीच्या अर्जात त्यांनी गणित सांगितलं आणि गणिताच्या पत्रात नोकरी. दोन्हीकडे जे समोरच्याला माहीत नव्हतं आणि समजून घ्यायला हवं होतं, ते सांगितलं. यापेक्षा चांगला सल्ला मला कुठल्या करिअर कोचनं दिलेला नाही.

पण इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. १ मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठानं रामानुजन यांना महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि ते बंदराच्या कचेरीतून रजेवर गेले. १७ मार्च १९१४ ला ते इंग्लंडच्या बोटीत बसले. म्हणजे पोर्ट ट्रस्टला हा कारकून जेमतेम चौदा महिने लाभला. 'टिकणार नाही' असं लिहिणारा आपला काल्पनिक एचआरवाला बरोबरच ठरला असता! नोकरी देणाऱ्याच्या मनातली भीती वेडगळ नसते. फरक एवढाच, की स्प्रिंग आणि नारायण अय्यर यांनी ती भीती ओळखूनही माणसाला धरून ठेवलं नाही, उलट वाट करून दिली. असे साहेब दर वेळी मिळतील असं गृहीत धरून कुणी बायोडेटा लिहू नये.

नोकरीनं विचारलंच नाही तर?

रामानुजन यांच्यापेक्षा एक वर्षानं लहान असलेल्या आणखी एका मद्रासी तरुणाची गोष्ट याच्या उलट आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे पदव्या होत्या, स्पर्धापरीक्षेतलं यश होतं. १९०७ साली ते कलकत्त्यात वित्तखात्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले, एकोणिसावं वर्षही पुरं व्हायच्या आत. पगार उत्तम, हुद्दा मानाचा. त्यांना भौतिकशास्त्राबद्दल कुणी विचारायचं कारण नव्हतं, आणि सांगून काही मिळणारही नव्हतं.

बोबझार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. तिथली प्रयोगशाळा जवळपास ओस पडलेली. रामन ऑफिसच्या आधी तिथे जात आणि ऑफिस सुटल्यावर पुन्हा जात. बदली रंगूनला झाली, मग १९१० मध्ये नागपूरला. नागपुरातही त्यांनी घरातच प्रयोग मांडले. १९११ मध्ये कलकत्त्याला परतल्यावर पुन्हा बोबझारची वाट. अशी दहा वर्षं. १९१७ साली आशुतोष मुखर्जी यांनी बोलावल्यावर ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. पगार बराच कमी झाला. १९३० साली नोबेल मिळालं, ते त्याच बोबझारच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामासाठी.

रामन यांनी लपवलं नाही. त्यांचे निबंध छापून येत होते, नाव जाहीर होतं. पण नोकरी मिळवायला त्यांनी ते वापरलं नाही, कारण गरजच नव्हती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे पदवी, गुण, हुद्दा असं सगळं आहे, त्याचा साइड प्रोजेक्ट म्हणजे पानावरची वरची कोथिंबीर. नसली तरी चालतं. ज्याच्या बायोडेटात खड्डा आहे, त्याच्यासाठी ती फळी असते. तुमची ओळ यांपैकी काय आहे, हे आधी स्वतःला विचारावं.

ते काम नक्की कुणाचं?

आणखी एक गुंता आहे, आणि तो आपल्यासारख्या लॅपटॉपवर जगणाऱ्यांना जास्त लागू पडतो.

तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकला असाल तर 'स्टुडंट्स टी-टेस्ट' हे नाव ऐकलं असेल. हा स्टुडंट म्हणजे विद्यार्थी नव्हे. तो होता विल्यम सीली गॉसेट, डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत १८९९ पासून नोकरीला. बार्लीच्या, बिअरच्या थोड्याशा नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याचं उत्तर त्यानं शोधलं. पण कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावानं काही छापू देत नव्हती, व्यवसायातलं गुपित बाहेर जाईल म्हणून. शेवटी १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात तो निबंध आला 'स्टुडंट' या टोपणनावानं. आज जगभर विद्यार्थी ती चाचणी वापरतात आणि त्यातल्या बहुतेकांना लेखकाचं खरं नाव ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. १९७५-७६ मध्ये स्टीव्ह वॉझ्नियाक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटर बनवण्याच्या कामावर होते. रात्री ते स्वतःचा छोटा कॉम्प्युटर घडवत आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्ये नेऊन दाखवत. तो विकायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी कंपनीला विचारलं. नोकरीच्या करारामुळे त्या कामावर कंपनीचा हक्क निघू शकत होता, आणि तो डावलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कंपनीला ते यंत्र नको होतं. त्यांनी तसं लेखी घेतलं. १ एप्रिल १९७६ ला ॲपलची स्थापना झाली. पुढची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात असेल.

आपल्याकडे याचा कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा मालक नोकरी देणारा असतो. घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांवर केलेलं वेगळं. पण ऑफर लेटरमधलं एखादं कलम ही रेघ पुसट करू शकतं. केंद्र सरकारी नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यातल्या पंधराव्या नियमानुसार खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी करायला परवानगी लागते. पण अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक काम, सरकारी कामात खोट येत नसेल तर, परवानगीशिवाय चालतं. छंद आणि धंदा यांच्यामध्ये सरकारनं आखलेली ही रेघ मला बरीच समजूतदार वाटते.

२०२२ मध्ये 'मूनलायटिंग'चा वाद पेटला, तेव्हा नेमकी हीच रेघ गोंधळात हरवली. विप्रोचे अध्यक्ष रिशाद प्रेमजी यांनी एकाच वेळी दोन कंपन्यांत काम करण्याला फसवणूक म्हटलं. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या तीनशे जणांना काढल्याचं त्यांनी सांगितलं. त्यानंतर कितीतरी मुलामुलींनी घाबरून आपले यूट्यूब चॅनल, आपली ॲप्स, आपले ब्लॉग बायोडेटातून काढून टाकले. पण प्रतिस्पर्ध्याचा पगार घेणं आणि रात्री गुळाचे भाव उतरवून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लपवली तर फसवणूक होते. दुसरी लपवली तर फक्त आपणच थोडे कमी दिसतो.

फावला वेळ कुणाचा?

आता जी गोष्ट अशा लेखांत सहसा येत नाही ती. जानकी अम्मांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींमध्ये घरातला एक प्रसंग आहे. रामानुजन लिहीत असत आणि त्यांचं काम थांबू नये म्हणून घरातल्या बायका भाताचे घास त्यांच्या हातावर ठेवत. पोर्ट ट्रस्टच्या नोकरीनंतर उरणारा तो 'फावला वेळ' आपोआप उगवत नव्हता. कुणीतरी पाणी भरत होतं, चूल पेटवत होतं. रामन पहाटे प्रयोगशाळेत जात तेव्हा घर लोकसुंदरी अम्मा सांभाळत होत्या.

म्हणून एखादा इंटरव्ह्यू घेणारा जेव्हा विचारतो, "ऑफिसव्यतिरिक्त काय करता? गिटहबवर काही आहे का?" तेव्हा तो नकळत आणखी एक प्रश्न विचारत असतो. तुमच्या घरी तुमच्यासाठी ताट वाढून ठेवणारं कुणी आहे का? ज्या मुलीचे संध्याकाळचे तीन तास स्वयंपाकात जातात, जो मुलगा नोकरीनंतर वडिलांच्या दुकानात बसतो, त्यांचा गिटहब रिकामा असतो. ते आळशी नसतात. माझी मोडी झाली ती सासूबाईंच्या दुपारच्या झोपेमुळे. त्यांना झोप नसती लागली तर ही ओळच नसती, आणि मी आहे तितकीच लायक असते. हे मी कुठल्याही इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसले तरी विसरू नये, एवढं मी स्वतःला बजावून ठेवलं आहे.

तर मग, सांगायचं की नाही?

या सगळ्यांमधून मी माझ्यापुरते चार प्रश्न काढले. ही ओळ माझ्या बायोडेटातला खड्डा भरते का? तिचा आणि समोरच्या कामाचा काही संबंध आहे का, की मी नुसतीच मिरवते आहे? त्या कामावर उद्या कुणी हक्क सांगू शकेल का, आणि तसं असेल तर सही करण्याआधी लेखी विचारलं आहे का? आणि शेवटचा : वाचणारा ती ओळ वाचून मला नाही म्हणाला, तर त्या ठिकाणी काम करायची माझी खरंच इच्छा आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पोटाची निकड असेल तेव्हा वेगळं येतं, आणि ते वेगळं येण्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

माझं उत्तर आलं आहे. दीड वर्षाचा खड्डा माझ्या कागदावर आहे. जुन्या वह्यांतले आकडे वाचून, तपासून, रकान्यांत लावणं हे मी डेटाचंच काम समजते. ओळ राहील. एकच ओळ, विशेषणं नाहीत. विचारलं तर सांगीन, नाही विचारलं तर नाही. 'झेपेल का' असं पुन्हा कुणी विचारलं, तर आधीच्या नोकरीत एकही काम उशिरा दिलेलं नाही हे दाखवीन. रामानुजन यांचं चौथं वाक्य विसरून चालणार नाही. तिसऱ्याचं ओझं ते चौथं पेलतं.

आणि जिथे या ओळीचा काहीच उपयोग होत नाही, तिथे काय? त्यासाठी मला नाशिकजवळच्या देवळालीचे द. रा. कापरेकर आठवतात. फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. तिथे असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. फावल्या वेळात संख्यांशी खेळत. आगगाडीच्या प्रवासात एका स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनचंच नाव दिलं, डेम्लो. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या आकड्याची करामत मांडली. इथल्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटे. त्यांच्या कामामुळे त्यांना बढती मिळाली नाही की खुर्ची मिळाली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगाला नाव कळलं, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, ५४३२. चढत्या क्रमानं लावा, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता याच्याशी तेच करून बघा. ६१७४ च येईल, कितीही वेळा केलं तरी. संख्या कुठलीही घ्या, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येऊन पोचता.

हे कापरेकरांनी कुठल्याच इंटरव्ह्यूसाठी शोधलं नव्हतं.